गाडी उपाशी शे

लळिंगच्या घाटात नाना, म्हणजे माझे वडील, फक्त चार शब्द बोलले आणि पुढचा अख्खा महिना मी त्या चार शब्दांभोवती घिरट्या घालत राहिलो.

गेल्या मेमधली दुपार. चोपड्याकडून सकाळी निघायचं ठरलं होतं, पण गावाहून सकाळी निघायचं म्हणजे दहाला निघायचं. अमळनेर, धुळं करत लळिंगच्या पायथ्याशी आलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि डांबर असं तापलं होतं की पुढच्या गाड्यांची चाकं पाण्यात बुडाल्यासारखी थरथरताना दिसत होती. नाशिकला नानांचे डोळे दाखवायचे होते. समोर मक्याची पोती लादलेला एक ट्रक चढ चढत होता, म्हणजे रांगतच होता. मी तिसऱ्या गिअरवर आलो आणि पाय पूर्ण दाबला. अशा वेळी आमच्या गाडीचा एक क्रम ठरलेला असतो. आधी टर्बोची बारीक शीळ, मग पाठ सीटला चिकटते, मग ट्रक आरशात. त्या दिवशी शीळ आली, पाठ चिकटली, आणि ऐन ट्रकच्या बरोबरीला आल्यावर गाडीने आवंढा गिळला. जोर गेला, आला, पुन्हा गेला. त्या धक्क्यांच्या आत कुठेतरी खडखडाट, पत्र्याच्या डब्यात भुईमुगाच्या शेंगा हलवाव्यात तसा. मी पाय काढला आणि निमूटपणे ट्रकच्या मागे येऊन लागलो. मक्याची फोलपटं काचेवर येऊन बसत होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा.

नाना खिडकीबाहेर बघत होते. मान न वळवता म्हणाले, "गाडी उपाशी शे, भाऊ."

मी म्हटलं ऊन फार आहे, एसी चालू आहे, चढ आहे. त्यांनी वाद घातला नाही. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला आणि मालेगाव येईपर्यंत झोपले.

रात्री नाशिकच्या घराखाली पार्किंगमध्ये बसून मी गाडीला ब्लूटूथचा डोंगल लावला, मोबाईलवर कोड वाचला. पी ०१७१. म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. म्हणजे उपाशी. ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही, त्याला नुसत्या आवाजावरून हे कळलं होतं आणि मला ते कळायला अकराशे रुपयांचा डोंगल लागला.

खरं टोचलं ते वेगळंच होतं. मी या गाडीला काय करून ठेवलंय ते नानांना माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. गाडी फियाट लिनिया टी-जेट, सेकंडहँड घेतलेली. १.४ लिटरचं छोटं इंजिन, कंपनीतून निघताना ११४ अश्वशक्तीचं. ती मुळातच पुरेशी पळायची. पण पुरेसं असणं आणि पुरेसं वाटणं यात अंतर असतं आणि त्या अंतरात पुण्याचा एक ट्यूनर उभा होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडून रिमॅप करून घेतलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घेतले. लॅपटॉप जोडला, तासाभरात काम झालं. टर्बोचा दाब वाढला, ताकद दीडशेच्या आसपास गेली, आणि एकही नट न फिरवता हे झालं याचं मला कोण कौतुक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या उद्योगांकडे प्रेमाने बघत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आताही आहे. बायकोला मी 'सर्व्हिसिंग' म्हणून सांगितलं होतं. एवढं लपवलेलं, आणि नानांनी ते घाटातल्या एका चढात ओळखावं.

त्यांचा कान कुठे तयार झाला ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर वीज यायच्या आधी पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं. काळपट हिरवं, दोन मोठ्या चाकांचं. ते सुरू करणं म्हणजे एक विधीच होता. डिझेल टाकीत ओतायचं, कॉक उघडायचा, पंपाजवळचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायची, वरची कळ उचलून धरायची, हँडल मारायचं, वेग आला की कळ सोडायची. हँडल उलटं आलं तर मनगट गेलं. गावात अशी मोडलेली दोन-तीन मनगटं होती आणि ती माणसं थंडीत हात चोळत बसायची. इंजिन लागलं की टुक, टुक, टुक. रात्रीच्या पाळीला ते लावून नाना घरी येऊन झोपायचे. मळा घरापासून पाऊण किलोमीटर. आम्ही अंगणात खाटा टाकून झोपलेलो, तो टुकटुक आवाज हवेवर यायचा आणि आम्हा पोरांना त्याची अंगाईसारखी सवय झालेली. कधी मध्यरात्री मला जाग यायची तर नाना उठून बसलेले असायचे. मला आवाजात काही फरक कळायचा नाही. ते म्हणायचे, पोकळ वाजतंय. मग बॅटरी आणि डिझेलचा कॅन घेऊन अंधारात निघायचे. डिझेल संपून पाइपात हवा शिरली की परत सगळा विधी करावा लागायचा, म्हणून संपण्याच्या आधी पोहोचायचं. बहुतेक वेळा पोहोचायचे.

पोकळ वाजणं. मी त्या रात्री पार्किंगमध्ये बसून हा शब्द बराच वेळ चघळला.

टर्बोचं काम खरं तर सोपं आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वाऱ्यावर एक चक्र फिरतं, त्याच्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. फुकटातली हवा. हवा जास्त तर ताकद जास्त, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं, माझ्याही राहिलं. पण नुसत्या हवेने कुणाचं पोट भरत नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. टर्बो जोरात असताना तर त्याहून जास्त पेट्रोल द्यावं लागतं, साधारण बारा किलो हवेला एक किलो. हे जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतं, गारव्यासाठी असतं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारावं तसं. ते मिळालं नाही की आत तापमान चढतं, मिश्रण ठिणगीच्या शिस्तीत न जळता आपल्याच मनाने भडकतं, आणि डब्यात शेंगा वाजतात. तो आवाज ऐकूनही पाय दाबून ठेवला तर पिस्टनच्या रिंगेजवळचा तुकडा उडतो. मग इंजिनच खोलावं लागतं.

त्यात आमचा उन्हाळा. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती गार करायला पुढे इंटरकूलर असतो, पण इंटरकूलर हवेला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. बाहेरच ४४ असेल तर तो बिचारा काय करणार. ट्यूनरने रिमॅपची चाचणी पुण्यात डिसेंबरमध्ये घेतली होती. खानदेशातला मे त्याने पाहिलेला नसावा.

आणि पेट्रोलही ते राहिलं नव्हतं. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२३ साली मोजक्या पंपांवर आलं, २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच झालं. इथेनॉलला मी शिव्या देणाऱ्यांतला नाही. ऑक्टेन जास्त असतं, म्हणजे ते आपल्या मनाने सहजी भडकत नाही, आत शिरताना गारवा देतं, टर्बोच्या इंजिनाला ते मनापासून आवडावं असं आहे. पण ते जळायला किलोमागे नऊ किलोच हवा लागते, म्हणून ई-२०चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. शुद्ध पेट्रोलपेक्षा आठेक टक्के जास्त ओतायला हवं. गाडी शांत चालत असली की सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर वास घेत राहतो आणि कमी-जास्त करून घेतो. पाय पूर्ण दाबला की जुन्या गाड्या सेन्सरला फार विचारत नाहीत, तक्त्यात लिहिलंय तेवढं ओततात. माझा तक्ता जुन्या पेट्रोलवर बेतलेला होता. हे इथेनॉल आता उसाबरोबर मक्यापासूनही भरपूर होतं. म्हणजे घाटात ज्या पोत्यांना मला ओव्हरटेक करता आलं नाही, त्यांचेच भाऊबंद माझ्या टाकीत बसले होते.

मोबाईलवर नोंदी काढल्या तर वरच्या फेऱ्यांना इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, ९६ टक्के वेळ उघडे. मिनिटाला ६००० फेऱ्या असताना इंजिनाचं एक पूर्ण आवर्तन, म्हणजे दोन फेऱ्या, २० मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टरने उघडायचं, फवारायचं, मिटायचं ते तेवढ्यात. ८०-८५ टक्क्यांपर्यंत त्याला ठीक जातं. त्यापुढे तो मिटायचंच विसरतो. घोट घेऊन श्वास घ्यायचा, तर याला श्वासच नाही.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखे सगळे करतात. रात्री जागून ऑनलाइन खरेदी. ताशी २५५ लिटरचा पंप, मोठे इंजेक्टर, नवा फिल्टर. पंपाचा आकडा बघूनच छाती फुगली. गाडी जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या एका मिस्त्रीकडे न्यायची ठरवली; नाशिकमध्ये मोठी गॅरेजं आहेत, पण हा माणूस इंजेक्टर खोलतो तेव्हा हात धुऊन खोलतो, एवढं कारण मला पुरे होतं. नानांना जळगावात ठिबकचे जॉइनर, टोप्या, ग्रोमेट घ्यायचे होते. ते म्हणाले, मीही येतो.

मला ते नको होतं. पण आले.

मिस्त्रीने खोक्यातला पंप हातात घेतला, उलटसुलट केला आणि खोक्यात परत ठेवला. म्हणाला, हा नाही बसवणार. माझा चेहरा पाहून त्याने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल. दीडशे अश्वशक्तीला चाळीस किलो. लिटरमध्ये पंचावन्न. "आणि तुम्ही आणलाय अडीचशेचा." दाबाखाली पंप आकड्यापेक्षा कमी देतो हे धरलं, म्हातारपणाची कसर धरली, तरी जास्तच. एवढा पंप टाकीतल्या छोट्या रेग्युलेटरला आवरत नाही, दाब वर सरकतो, जास्तीचं पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरून तापतं, आणि वायर बारीक असली तर तीही तापते. नाना स्टुलावर बसून कट चहा पीत होते. चाळीस किलो पेट्रोलला बारापट हवा म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. जवळजवळ पाच क्विंटल. तासाला पाच क्विंटल हवा. नाना हसले. हवेचं वजन क्विंटलमध्ये त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं, आणि मनातल्या मनात ते कापसाशी ताडून बघत असावेत.

मग मागची सीट उचलली. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं, दोन-चार आचके देऊन ते आपोआप मेलं. पाइपातला दाब असा उतरवायचा. बॅटरीची निगेटिव्ह काढली. शेजारच्या दुकानातला एक जण बिडी ओढत बघायला आला होता, त्याला मिस्त्रीने हाकललं. सीटखालचं झाकण काढलं की खाली तळहाताएवढी प्लास्टिकची रिंग. तिला लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हळूहळू ठोके, कारण लोखंडावर लोखंड नको, ठिणगी नको. रिंग सुटली आणि पेट्रोलचा वास असा वर आला की डोळ्यांत पाणी आलं. त्याने दोन्ही हातांनी, विहिरीतून कासव काढावं तसा, तो पंप तिरका करत करत बाहेर काढला. थेंब गळत होते. एका बाजूला काट्याचा तरंगता गोळा, खाली जाळीची पिशवी. जाळी मुळात पांढरी असते, आमची चहाच्या गाळणीच्या रंगाची झाली होती.

नाना स्टुलावरून उठून जवळ आले. वाकून बघितलं. "हाई तं पानबुडी शे!"

आणि तिथून पुढचा तास ते कामच नानांचं झालं. कारण खरंच ती पाणबुडी मोटरच असते. आख्खी मोटर द्रवात बुडालेली, त्यानेच गार राहणारी, टाकी रिकामी ठेवून चालवली की तापून जळणारी. बोअरला पाणी नसताना मोटर चालू राहिली तर काय होतं, हे नानांना कुणी सांगायची गरज नव्हती. दोनदा रिवायंडिंग करून झालंय. उन्हाळ्यात टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, हे मिस्त्रीने मला सांगितलं तेव्हा नाना माझ्याकडे बघत होते. मी नेहमी दिवा लागल्यावरच पेट्रोल भरतो. अडीचशेच्या पंपाबद्दलही त्यांना पटलं होतं. आमच्याकडे एकाने दोन इंच पाण्याच्या बोअरमध्ये हौसेने साडेसातची मोटर सोडली होती, ती वीस मिनिटांत बोअर कोरडी करायची आणि मग हवा ओकायची.

नानांनी विचारलं, होल्टेज किती येतं? मिस्त्री थांबला. मला वाटतं, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या वडिलांकडून त्याला अपेक्षित नव्हता. त्याने जुना पंप परत जोडून, इंजिन चालू करून, मीटर लावला. बॅटरीवर १३.८. पंपाच्या कनेक्टरवर ११.७.

"दोन होल्ट वाटमाच खाई टाकात वायरनी," नाना म्हणाले.

डीपीपासून लांब असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे दुखणं ठाऊक असतं. केबल बारीक, अंतर लांब, मोटर घुमते पण पाणी वर येत नाही. लोक मोटर बदलतात, केबल बदलत नाहीत. आम्हीही तसे पैसे घालवलेत. पंपाला दोन व्होल्ट कमी मिळाले की तो नुसता हळू फिरत नाही, त्याचा पुरवठाही चांगलाच घसरतो, आणि तो घसरतो तेव्हाच जेव्हा इंजिन सगळ्यात जास्त मागत असतं. मिस्त्रीने बॅटरीपासून थेट चार एमएमची वायर ओढली, मध्ये फ्यूज आणि रिले टाकला. जुनी वायर आता फक्त रिलेला इशारा द्यायला. अर्थिंगही नवीन. वायर नानांनी स्वतः जाऊन आणली, त्यांच्या ओळखीच्या दुकानातून, आणि तांबं आहे की नाही हे टोक खरवडून बघितलं. पंप मात्र माझ्या खोक्यातला नाही, मूळपेक्षा एकच माप मोठा बसवला. २५५चं ते खोकं माझ्या कपाटात आहे. विकायचं मन होत नाही आणि बघवतही नाही.

वायर, नवा पंप, नवा फिल्टर एवढं झालं, तेव्हा खरं तर थांबता आलं असतं. पण ९६ टक्के डोक्यात होते. चारही इंजेक्टर काढून मिस्त्रीने चाचणीच्या बाकावर चढवले. हे दृश्य मी विसरणार नाही. चार उभ्या काचेच्या नळ्या, मागे पांढरा दिवा, वर चार इंजेक्टर एका पाइपाला टांगलेले. बटण दाबलं की चौघांतून एकदम फवारा, धुक्यासारखा, टकटकटक अशा आवाजात. नळ्या भरत जातात. तीन नळ्यांतली पातळी एकसारखी चढली. चौथी मागे पडली, बोटाच्या दोन पेरांनी. तिच्या फवाऱ्याची एक बाजू धुकं न होता सरळ धार मारत होती.

नाना खिशातून चष्मा काढून ते बघत राहिले. आमच्या केळीच्या बागेत ते हेच करतात. ओळीच्या शेवटच्या झाडाखाली वाटी ठेवतात, मिनिट मोजतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावात ठिबक आलं तेव्हा लोक म्हणायचे, थेंबाथेंबाने कुठे केळी पिकते का? आता थेंबाशिवाय कुणी केळी लावत नाही. पण ठिबक म्हणजे नळ्या अंथरल्या आणि झालं असं नसतं. सबमेनमध्ये दाब किती, फिल्टर कधी धुतला, लॅटरलच्या टोकाला पाणी पोहोचतंय का, क्षार बसलेत का, ॲसिड कधी सोडलं. पहिल्या झाडाला ताशी चार लिटर आणि शेवटच्याला दोन, तर घड एका ओळीत दोन प्रकारचे येतात. इंजिनातही तेच. सेन्सर चौघांची सरासरी बघतो. तिघांचं पोट भरलेलं असलं की सरासरी चांगली दिसते, आणि चौथा सिलिंडर गुपचूप जळत राहतो.

दीडशे अश्वशक्तीचे पंचावन्न लिटर चार इंजेक्टरांत वाटले तर एकेकाला ताशी पावणेचौदा, म्हणजे आमचे साडेतीन ड्रिपर. ऐंशी टक्क्यांवर ठेवायचं तर इंजेक्टर मिनिटाला २९० मिलिलिटरच्या आसपासचा हवा. मी आणलेले त्याहून थोडे मोठे होते, चालण्यासारखे होते. दाब वाढवून जुन्यातूनच जास्त काढता येणार नाही का, असं मी विचारलं. येतं, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. दाब तीन बारवरून चारवर नेला, म्हणजे तेहेतीस टक्के वाढवला, तरी पेट्रोल पंधराच टक्के वाढतं, आणि पंपाच्या उरावर ओझं बसतं ते वेगळंच. नानांनी आपलं मत दिलं: "मांगे पानी नही तं ड्रिपर मोठं करीसन काय करशी?" आता मागे पाणी आहे, मिस्त्री म्हणाला. मग करा.

मोठे इंजेक्टर नुसते बसवून भागत नाही. कॉम्प्युटरला वाटत असतं की दारात जुनंच माप उभं आहे. तो तेवढाच वेळ उघडतो आणि जास्त पाजतो, गाडी उभ्या जागी काळा धूर काढत डुगडुगते. शिवाय प्रत्येक इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद लागतो, तोही व्होल्टेजप्रमाणे बदलतो. रिकाम्या चालीत इंजेक्टर उघडा असतोच दोन-तीन मिलिसेकंद, त्यात ही एकाची चूक म्हणजे पोळीच्या कणकेत मुठीने मीठ. म्हणून पुन्हा रिमॅप, या वेळी दुसऱ्या ट्यूनरकडून, आणि या वेळी जळगावातच, दुपारी दोन वाजता, असोद्याच्या रस्त्यावर. तो माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूला बसला होता आणि सारखा घाम पुसत होता. मी म्हटलं, हेच हवंय.

सगळं मिळून साठेक हजार गेले. घरी जाताना नानांनी आकडा विचारला, मी थोडा कमी करून सांगितला, तरी ते म्हणाले, "इतलामा एकरभर ठिबक व्हई जातं." व्हई जातं, खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. त्यातली विचित्र गोष्ट अशी की साठ हजार घालवून गाडी एक पैशानेही जास्त पळत नव्हती. टर्बोचा दाब तोच, ताकद तीच. तीन वर्षांपूर्वी एका तासात जे फुकट मिळाल्यासारखं वाटलं होतं, त्याचं हे बिल आलं होतं. मित्रांना दाखवायला काही नाही. सीटखाली एक पंप, बॉनेटखाली एक लाल वायर. गाडीत मी काय केलं म्हणून कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटावी असं उत्तर: जेवायला घातलं. नानांना मात्र यात नवल वाटलं नाही. त्यांनी जमिनीखालच्या पाइपांवर आयुष्यभर पैसे घातलेत, जे एकदा माती लोटली की कुणालाही दिसत नाहीत.

एकच दिसणारी वस्तू मी हट्टाने लावून घेतली. स्टिअरिंगच्या बाजूला छोटं गोल मीटर, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं. नानांनी त्याला 'घड्याळ' नाव दिलं.

यंदाच्या मेमध्ये परत नाशिक. डोळ्यांची पुढची तारीख. तोच रस्ता, तीच दुपार, लळिंगचा डोंगर तसाच भाजलेला. अमळनेरपासून मी त्या घाटाची वाट बघत होतो; सांगायला हरकत नाही, मी मनातल्या मनात समोर एक ट्रकही मागत होतो. मिळाला. कांद्याचा होता की सिमेंटचा, लक्ष नव्हतं. तिसरा गिअर, पाय खाली. शीळ. पाठ सीटला. मी रस्त्याकडे एक डोळा ठेवून घड्याळाकडे बघितलं: ११.९, ११.८, ११.८. काटा तिथे खिळा मारल्यासारखा. इंजिन भरलेल्या आवाजात ओरडत होतं, त्यात शेंग नव्हती, पोकळी नव्हती. ट्रकचं मागचं चाक, मधलं चाक. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी म्हणावं असं मला फार वाटत होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

बोअरच्या स्टार्टरला त्यांनी गेल्या वर्षी मोबाईलचं यंत्र बसवून घेतलंय. गावात थ्री फेज आली की ते फोन करतं, बाई बोलते, होल्टेज सांगते, बटण दाबलं की मोटर चालू. नानांनी फोन कानाला लावला, मग दुसऱ्या कानात बोट घातलं, मग माझ्याकडे हात केला.

"जरा दम धर. ऐकू ई नही ऱ्हायनं."

मी पाय काढला. शीळ विझली, घड्याळावरचा आकडा पंधराच्या वर गेला, ट्रक हळूहळू पुन्हा पुढे सरकला आणि त्याच्या धुरात आम्ही. नानांनी डोळे बारीक करून बाईचं सगळं ऐकून घेतलं, एक बटण दाबलं, थांबले, परत ऐकलं.

"तीनशे साठ," ते म्हणाले. "चालस."